जुन्नरमधील एक पावसाळा : अफनासी निकितीनचा परदेशवास आणि त्याचे स्नेहसंबंध

परदेशी माणूस हे जुन्नरला प्राचीन काळापासून परिचित असलेले दृश्य होय. कोकणातून नाणेघाट चढून येणारा व्यापारी मार्ग ह्या नगरापाशी देशावर उतरत असे, आणि त्या मार्गाने केवळ माल नव्हे, माणसेही येत. नगराभोवतीच्या लेण्यांतील इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांमधील लेखांत तीन यवनांची दाने नोंदलेली आहेत. गत कुळातील इरिल ह्याने पाण्याची दोन टाकी, त्याच कुळातील चिट ह्याने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप आणि चंद नावाच्या तिसऱ्याने ‘गभदार’ म्हणून उल्लेखिलेला भाग दान दिला. ह्या तिघांनी पाण्याची व जेवणाची सोय करावी, ह्यावरून त्यांचा येथील जीवनाशी निकटचा संबंध आला असला पाहिजे, इतके अनुमान करता येते. परंतु ते कोणत्या घरात राहत, कोणाशी बोलत, संकटात कोणाकडे धाव घेत, ह्यांविषयी लेख मुके आहेत. दानलेखाचे ते प्रयोजनच नव्हे.

सुमारे तेरा शतकांनंतर ह्याच नगरात एक पावसाळा काढलेल्या दुसऱ्या एका परदेशस्थाने मात्र ह्यातील बऱ्याचशा गोष्टी लिहून ठेवल्या. अफनासी निकितीन हा रशियातील त्व्हेर नगराचा व्यापारी. त्याचा ‘तीन समुद्रांपलीकडील प्रवास’ हा वृत्तांत रशियन वाङ्मयात अभिजात समजला जातो. करमझीन ह्या इतिहासकाराने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मठातील हस्तलिखितांत तो शोधून काढला आणि १८५७ मध्ये लंडनच्या हॅक्लूट सोसायटीने त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. १९५७ साली ‘परदेसी’ हा भारत-सोव्हिएत सहकार्याने निघालेला चित्रपट त्याच्यावरच होता. आपल्याकडे बहमनी राज्याच्या इतिहासासाठी ह्या वृत्तांताचा उपयोग पुष्कळ झाला आहे. सैन्याची संख्या, हत्तींचा थाट, बीदरच्या सुलतानाची मिरवणूक ह्यांचे उतारे वारंवार दिले जातात. त्यामानाने त्यात एका एकाकी माणसाचे जे दैनंदिन जीवन उमटले आहे, त्याकडे लक्ष कमी गेले. त्याचा विचार जुन्नरच्या संदर्भात करणे हे येथे उद्दिष्ट आहे.

प्रथम काळाचा प्रश्न. निकितीन हिंदुस्थानात १४६९ ते १४७२ ह्या काळात होता, असे पूर्वी मानीत. सोव्हिएत संशोधक सेम्योनोव्ह ह्यांनी १९८० मध्ये पुराव्याची फेरतपासणी करून हा काळ १४७१ ते १४७४ असा पुढे आणला. जुन्नरच्या पावसाचा दाखला ह्या दुसऱ्या मताला अनुकूल आहे. निकितीन सांगतो की, ईस्टर होर्मुझ येथे साजरा करून तो घोड्यांच्या जहाजाने निघाला, ईस्टरनंतरच्या सातव्या आठवड्यात त्याने चौल सोडले आणि त्रिमूर्तीच्या सणापासून त्यांच्याकडे ‘हिवाळा’ लागला. हा हिवाळा म्हणजे आपला पावसाळा, हे पुढील वर्णनावरून उघड आहे. १४७१ साली ईस्टर १४ एप्रिलला होता; म्हणजे त्रिमूर्तीचा सण २ जूनला आला. जुन्या पंचांगाची ही तारीख आजच्या गणनेने ११ जून होते. कोकणात मृगाचा पाऊस सुरू होण्याचीच ही वेळ. उलट १४६९ धरल्यास हीच तिथी आजच्या मे महिन्याच्या अखेरीस पडते. ती अगदीच अशक्य नव्हे, परंतु १४७१ चा मेळ अधिक चांगला बसतो.

चौलहून पाली आठ दिवस, पालीहून उमरी दहा दिवस, उमरीहून जुन्नर सहा दिवस, असा त्याचा हिशेब आहे. चौल ते जुन्नर ह्या अंतराला चोवीस दिवस हे फार झाले. पण पाऊस सुरू झालेला, नदीनाल्यांना पाणी, घाटाची चढण आणि बरोबर एक जातिवंत घोडा, हे ध्यानात घेता त्यात नवल नाही. घोड्याचा पाय घसरू नये म्हणून त्या माणसाने किती जपले असेल! कारण घोडा हेच त्याचे सर्वस्व होते. कास्पियन समुद्राच्या वाटेवर अस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटले होते. शिर्वानच्या शाहाने मदत नाकारली. त्याच्या सोबत्यांपैकी ज्यांचे घरी काही होते ते परतले आणि ज्यांच्या डोक्यावर कर्ज होते ते पाय नेतील तिकडे गेले. निकितीन ह्या दुसऱ्या वर्गातला असावा. त्याने शंभर रूबल खर्चून एक घोडा हिंदुस्थानात आणला. दख्खनमध्ये चांगले घोडे निपजत नाहीत, घोडदळाला ते हवेत आणि ते सारे समुद्रावरून येतात, एवढे व्यापारी ज्ञान त्याला होते.

जुन्नरमध्ये आपण दोन महिने राहिलो, आणि चार महिने अहोरात्र सर्वत्र पाणी व चिखल होता, असे तो म्हणतो. ह्या दोन आकड्यांतील विसंगती दिसते तितकी खरी नाही. दोन महिने हा त्याचा जुन्नरचा मुक्काम, तर चार महिने हा चातुर्मासाचा सर्वसाधारण हिशेब. तो त्याने कोणाकडून तरी ऐकला असावा किंवा पुढे बीदरच्या वाटेवर स्वतः अनुभवला असावा. जुन्नर आणि आंबेगाव ह्या प्रदेशाची जाण असणाऱ्याला त्याच्या वर्णनातील चिखल ओळखीचा वाटेल. कुकडी, मीना, घोड ह्या नद्यांची खोरी पश्चिमेकडे सह्याद्रीला भिडलेली आहेत. तेथे पाऊस अखंड कोसळतो आणि भात होतो. पूर्वेकडे जावे तसतसा तो झपाट्याने उणावतो. जुन्नर नगर ह्या दोहोंच्या सीमेवर वसले आहे. ह्या दिवसांत लोक नांगरतात, गहू, तांदूळ व हरभरा पेरतात, असे निकितीन लिहितो. तांदळाचे ठीक आहे. परंतु गहू व हरभरा ही रब्बीची पिके. ती आषाढ-श्रावणात पेरलेली त्याने पाहिली असणे कठीण. शेतात दिसलेल्या बाजरी-नाचणीच्या हिरव्या कोंभांना त्याने आपल्या ओळखीच्या धान्यांची नावे दिली असावीत, किंवा बाजारात विकावयास आलेले धान्य शेतात आहे असे मानले असावे.

घोड्याच्या आहाराविषयी मात्र त्याचा शब्द प्रमाण मानावा लागतो, कारण तेथे चूक होणे त्याला परवडणारे नव्हते. घोड्यांना हरभरा घालतात आणि साखर व तूप घालून शिजविलेली खिचडी चारतात, असे तो सांगतो. ‘खिचडी’ हा शब्द त्याच्या रशियन लेखनात जसाच्या तसा आला आहे. नारळापासून काढलेल्या मद्याचे वर्णनही ह्याच परिच्छेदात येते. ते घाटावरचे नसून कोकणातील माडीचे असणार. यावरून जुन्नरच्या नावाखाली त्याने वाटेत पाहिलेलेही पुष्कळ एकत्र केले आहे, हे अभ्यासकाने विसरता कामा नये. परदेशी पाहुण्यांना सराईत उतरवितात, तेथील स्त्रिया त्यांचा स्वयंपाक करतात व अंथरूण घालतात, इतके सांगून तो पुढे त्या स्त्रियांच्या शीलाविषयीही लिहितो. व्यापारी मार्गावरील सराईत कोणत्याही देशात जे चालते त्याचे हे वर्णन आहे. त्यावरून येथील गृहस्थाश्रमाविषयी निष्कर्ष काढणे, जसे काही पाश्चात्त्य वाचकांनी काढले, हे अशास्त्रीय होय.

जुन्नरचा सुभेदार असदखान. तो माणसांवर बसून फिरतो, असे निकितीन लिहितो. त्व्हेरच्या व्यापाऱ्याला पालखी ह्या वस्तूसाठी शब्द नव्हता, इतकाच त्याचा अर्थ. हा असदखान मलिक-उत्-तुज्जार म्हणजे महमूद गवान ह्याच्या हाताखालचा. गवान स्वतः इराणातील गिलानचा. मध्यम वयात व्यापाराच्या निमित्ताने दाभोळ बंदरात उतरलेला आणि पुढे बहमनी राज्याचा वजीर झालेला परदेशस्थ. इराण, खुरासान, अरबस्तान येथून आलेल्या अशा लोकांना ‘आफाकी’ म्हणत. त्यांच्यात व दख्खनींत दरबारी स्पर्धा पिढ्यान्पिढ्या चालली आणि १४८१ मध्ये गवानचा वधही त्याच वैरातून झाला. निकितीन जुन्नरात आला तेव्हा मात्र आफाकींचे दिवस चांगले होते. येथील सरदार सारे खुरासानी, देशचे लोक मात्र अनवाणी पायदळात, हे त्याने चटकन हेरले. त्याने स्वतःलाही ‘ख्वाजा यूसुफ खुरासानी’ असे नाव घेतले होते. वाटेतील हजारो खुरासानी व्यापाऱ्यांत एक म्हणून खपून जाणे, हाच ह्या नावाचा हेतू असावा. नावाचे हे पांघरूण जुन्नरमध्ये उडाले.

खानाने त्याचा घोडा हिरावून घेतला, कारण हा मनुष्य मुसलमान नसून रशियन आहे असे त्याला कळले. धर्म स्वीकारलास तर घोडा परत देईन आणि वर हजार मोहरा देईन; न स्वीकारलास तर घोडा जाईलच, शिवाय हजार मोहरा दंड घेईन, असा निर्वाणीचा शब्द त्याने दिला. मुदत चार दिवसांची. हे ऑगस्टमधले उपवासाचे दिवस होते आणि मुदत तारकाच्या सणाला संपत होती. धर्मांतराचा आग्रह आणि घोड्याचा लोभ ह्यांपैकी खानाच्या मनात काय अधिक होते, हे ठरविण्याचे साधन नाही. परंतु दोन्ही पर्यायांत रकमेचा उल्लेख यावा, हे सूचक आहे. ज्याचा पाठीराखा कोणी नाही अशा माणसाशीच असा व्यवहार करता येतो.

सणाच्या आदल्या दिवशी खुरासानचा ख्वाजा मुहम्मद जुन्नरला आला. निकितीनने त्याची विनवणी केली. तो नगरात खानाकडे गेला, त्याने रदबदली करून धर्मांतराची सक्ती रद्द करविली आणि घोडाही सोडवून आणला. ‘नगरात गेला’ हे शब्द लक्षात घेण्याजोगे आहेत. त्यावरून खान आत किंवा गडावर राहत होता आणि निकितीन बाहेरच्या वस्तीत, असे दिसते. जुन्नरचे नगर एका दगडी बेटावर असून वर चढावयास पूर्ण दिवस लागतो व वाट इतकी अरुंद की दोन माणसे शेजारून जाऊ शकत नाहीत, असेही तो म्हणतो. शिवनेरीला दिवसभराची चढण लागत नाही. गड त्याने खालूनच पाहिला असावा, किंवा त्या पावसात चार दिवस जीव मुठीत धरून बसलेल्या माणसाला तो तेवढा उंच वाटला असावा.

ख्वाजा मुहम्मदची ही कृती मैत्री म्हणावी की कृपा? त्यांची पूर्वीची ओळख होती किंवा काय, हे निकितीन सांगत नाही. खुरासानी व्यापाऱ्यांच्या समाजात परक्याची जामीनकी घेणे हा प्रघात होता, हे खरे. त्याचे नाव ज्याने घेतले त्याची लाज राखणे, हाही एक भाग असू शकेल. तथापि एका भिन्नधर्मी, कफल्लक माणसासाठी, ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही, सुभेदाराची मर्जी पणास लावणे ही साधी गोष्ट नव्हती. विलक्षण असे की, ह्या प्रसंगानंतर लगेच निकितीनच्या लेखणीतून मुसलमान व्यापाऱ्यांविषयी कडवट अपशब्द उतरतात. त्यांनी आपल्याला फसविले, आपल्या देशाला नेण्याजोगा माल येथे आहे असे खोटेच सांगितले. मिरी व रंग स्वस्त, पण जकात जबर आणि समुद्रावर चाचे पुष्कळ, अशी त्याची तक्रार. ज्या समाजातील एकाने त्याला वाचविले त्याच समाजाविषयी हा राग आहे, आणि दोन्ही गोष्टी त्याने एकाच पानावर, विसंगतीची जाणीव न ठेवता लिहिल्या आहेत. हा राग बऱ्याच अंशी बुडालेल्या व्यापाराचा आहे. आपल्या देशबांधवांना त्याने दिलेला सल्ला तर उपरोधाने भरलेला आहे: हिंदुस्थानात जावयाचे असेल त्याने आपला धर्म रशियातच ठेवून निघावे.

मेरीच्या सणाच्या दिवशी, म्हणजे १५ ऑगस्टला, त्याने जुन्नर सोडले आणि महिनाभर चालून तो बीदरला पोचला. घोडा वर्षभर पोसून त्याने नाताळात विकला. आणि येथे त्याच्या परदेशवासाचे दुसरे पर्व सुरू होते. बीदरमध्ये पुष्कळ हिंदूंशी आपला परिचय झाला, असे तो लिहितो. आपण मुसलमान नाही, ख्रिस्ती आहो, आपले खरे नाव अफनासी, हे त्याने त्यांना स्वतः सांगितले. त्यानंतर त्यांनी त्याच्यापासून काही लपविले नाही. जेवणखाण नाही, व्यापार नाही, पूजा नाही. आपल्या बायकांनाही त्यांनी आडपडद्यात ठेवले नाही.

जुन्नर व बीदर येथील हे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचावयास हवेत. जुन्नरात जे उघडकीस आल्यामुळे त्याच्यावर संकट ओढवले, तेच बीदरमध्ये त्याने आपण होऊन सांगितले आणि दारे उघडली. माहिती एकच; ती कोणी, कोणापाशी व कोणत्या हेतूने उघड केली, ह्यावर परिणाम अवलंबून राहिला. स्नेहाचा आरंभ येथे खऱ्या नावाच्या उच्चाराने होतो. वर्षभर खोट्या नावाने वावरलेल्या माणसाला त्यात केवढी मोकळीक लाभली असेल, ह्याची कल्पना करता येते.

ह्या मोकळिकीचे मोल त्याच्या पुढील वर्णनांवरून कळते. जुन्नरचे त्याचे वर्णन बाहेरून पाहणाऱ्याचे आहे: पाऊस, चिखल, घोडे, सराई, खानाची पालखी. बीदरनंतर तो घराच्या आत शिरतो. हिंदू दिवसातून दोन वेळा जेवतात, जेवण्यापूर्वी हातपाय धुतात व चूळ भरतात, उजव्या हाताने जेवतात, भात व तुपाची खिचडी आणि पालेभाजी खातात, प्रवासात प्रत्येकाचे भांडे व चूल वेगळी असते, परधर्मीयाची नजर पडली तर ते अन्न टाकून देतात, एका जातीचा दुसरीशी रोटीबेटी व्यवहार नाही, गोमांस कोणीही खात नाही. ही माहिती पंक्तीच्या इतक्या जवळ बसू दिल्यावाचून मिळत नाही. ह्याच ओळखीच्या मंडळींबरोबर तो शिवरात्रीच्या सुमारास पर्वत म्हणजे श्रीशैलाच्या यात्रेस गेला. महिनाभराची ती वाटचाल त्याने हिंदू यात्रेकरूंच्या संगतीत केली. त्यांचे अन्न त्याला आवडले नाही, हेही त्याने प्रांजळपणे लिहिले आहे.

जुन्नरात असे संबंध का जुळले नाहीत? भीती हे एक कारण स्पष्टच आहे. मुक्काम अल्प, हे दुसरे. परंतु भाषेचे कारण अधिक मूलगामी वाटते. त्याच्या लेखनात तांदूळ, हरभरा ह्यांसाठी आलेले शब्द तुर्की-फारसी आहेत.  तो बाजाराच्या मिश्र भाषेत बोलत होता, आणि ती ज्यांना येत असे त्यांच्याच संगतीत त्याला राहावे लागले. जुन्नरचा कुणबी, कोष्टी, घाटातला कोळी हे त्याने डोळ्यांनी पाहिले, त्यांच्याशी बोलणे झाले नसावे. ह्याच्याशी हंगेरियन पंडित चोमा कोरोशी ह्याची तुलना उद्बोधक होईल. १८१९ मध्ये आपल्या जातीचे मूळ शोधण्यास निघालेला चोमा १८२३ पासून झंस्कारच्या मठात एका लामाजवळ बसून तिबेटी शिकला. त्याचा सारा परदेशवास त्या गुरुशिष्य नात्यावर उभा होता. पण चोमाजवळ इंग्रज सरकारचे अर्थसाहाय्य होते. निकितीनजवळ घोडा होता.

लुटीत त्याची धर्मग्रंथांची पुस्तकेही गेली होती आणि त्यामुळे सणवारांचा हिशेब त्याला लागेनासा झाला. हे दुःख तो वारंवार बोलून दाखवितो. बुधवार कोणता, शुक्रवार कोणता, हे ठाऊक नाही, तेव्हा उपास कोणत्या दिवशी करावा? पुढे पुढे मुसलमानांचा रमजान चालला असता त्यांच्याबरोबर त्यानेही उपास केले, आणि ईस्टरचा दिवस कृत्तिका, मृग व सप्तर्षी ह्यांच्या स्थितीवरून अदमासाने ठरविला. तू नमाज पढत नाहीस आणि ख्रिस्तीपणही जाणत नाहीस, असे एका मुसलमान सरदाराने त्याला म्हटल्याचे तो नोंदवितो. हे बोल त्याला लागले, कारण ते खोटे नव्हते. वृत्तांताच्या शेवटी त्याने केलेली प्रार्थना अरबी, फारसी व तुर्की शब्दांच्या मिश्रणाने भरलेली आहे. तिच्यावरून त्याने धर्म सोडला होता काय, ह्याविषयी संशोधकांत वाद आहे. जुन्नरच्या चार दिवसांत त्याने जे दिले नाही ते पुढे तो सहजासहजी देईल, हे संभवनीय वाटत नाही. परक्या भाषेत वर्षानुवर्षे बोलणाऱ्याच्या तोंडी देवाचे नावही त्याच भाषेत येऊ लागते, एवढेच त्यावरून फार तर म्हणता येईल.

परतताना तो दाभोळ येथे जहाजावर चढला आणि होर्मुझ, शिराझ, तब्रीझ, त्रेबिझोंद ह्या मार्गाने काळा समुद्र ओलांडून काफाला पोचला. त्व्हेर त्याला पुन्हा दिसले नाही. स्मोलेन्स्कला पोचण्यापूर्वीच वाटेत तो वारला. त्याच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोस नेऊन थोरल्या राजाच्या दप्तरातील वासिली मामिरेव ह्या लेखनिकाच्या स्वाधीन केल्या, आणि इतिवृत्तकाराने १४७५ च्या नोंदीखाली त्या उतरून घेतल्या. त्या वह्या त्याच्या स्वतःच्या हातच्या होत्या, असे तो सांगतो. त्यांत बीदरच्या स्नेह्यांपैकी एकाचेही नाव नाही. जुन्नरच्या माणसांपैकी दोघांची आहेत: घोडा नेणाऱ्याचे, आणि तो परत आणणाऱ्याचे.